एक मीटर चौरस

डोळे मिटून फेकायची असते चौकट.
पडेल तिथे बसायचं, आतलं सगळं मोजायचं.
पुण्यात, प्रयोगशाळेच्या फरशीवर
आम्ही खडूची गवतं काढून सराव केला होता.

सुप्याच्या माळावर ती पहिल्यांदा फेकली
तेव्हा खण्णकन वाजली.
आत : तरोट्याची सात रोपं,
कुसळाचे तीन झुबके, लेंड्या,
बाटलीचं एक निळं बूच,
आणि बाकी मुरूम.
मुरमासाठी वहीत रकाना नव्हता.

ठकूबाई कोकरे काठीवर हनुवटी टेकून बघत होती.
‘खिडकी आनलीस व्हय गं? घर कुठाय?’
गवत मोजते, म्हटलं.
‘आन नसलं तर?’
नसलेलंही मोजते.
‘मग लय दिस ऱ्हावं लागंल तुला.’

तिच्या सासऱ्याला नावं यायची :
पवन्या, शेडा, मारवेल, डोंगरी.
तिला चवी यायच्या, म्हणजे मेंढ्यांच्या.
कुठलं कोवळं असताना गोड,
कुठलं वाळल्यावरही कोकराला चालतं,
कशाच्या कुसळाने लोकरीखालची कातडी सडते.
सरकारी कागदावर या सगळ्याला मिळून
एकच शब्द होता : पडीक.

पडीक, म्हणून एका आषाढात खड्डे आले.
रांगेत, दोन-दोन फुटांचे,
काळ्या पिशव्यांतून ग्लिरिसिडिया,
फोटोसाठी एक झारी.
फाल्गुनापर्यंत काड्या उरल्या.
पण खड्ड्यांच्या कडेला उकरून टाकलेल्या मातीवर
वाऱ्याने कुठून तरी आणलेलं मारवेल धरलं होतं.
ठकूबाईने चप्पल काढून त्यावर पाय ठेवला.
‘ह्याला सावली नको हुती.
जरा दम खाऊ द्या, एवढंच.’

मग बैठकी. अकरा वाडे, अकरा तोंडं,
त्यातली चार एकमेकांशी न बोलणारी.
माळाचे तीन तुकडे चुन्याने आखले;
चुना रात्रीतून वाऱ्याबरोबर गेला.
दुसऱ्या दिवशी दगडांच्या ढिगाऱ्या रचल्या.
दर साली एक तुकडा बंद, बी झडेपर्यंत.
उरलेल्या दोहोंत शेंडा खायचा, बुडखा सोडायचा.
कुणी तारेचं कुंपण मागितलं.
येसू देवकाते म्हणाला, तार चोरीला जाते,
शब्द कोण चोरणार?

श्रावणात त्याच्याच दीडशे मेंढ्या
बंद तुकड्यात सापडल्या, पहाटे, पोटं टम्म.

दंडावर दुपारभर खल झाला.
पैसे नको, कोंबडा नको.
शेवटी ठकूबाईनेच सांगितलं :
जिथं काहीच उगवत न्हाई, तिथं वाघर लाव,
आन तीन रात्री बसव.
येसू लाल झाला. शेतकरी यासाठी
पायली-पायली धान्य मोजतो,
मुरूम काय देणार?
तरी बसवल्या.
सकाळी ती जागा काळी, उबदार,
खुरांनी बारीक कुटलेली,
आणि ठकूबाई ओट्यातून काहीतरी पेरत चाललेली,
पाखरांना दाणे टाकावेत तसं, न मोजता.

दिवाळीनंतर वाडे कोकणात उतरतात.
मी पुण्याला, डब्यांच्या, भाड्यांच्या गावात,
खिडकीतून दिसणाऱ्या टेकडीला
बांधकामाचा पिवळा पत्रा लागलेला.
माळ तेवढे महिने कुणाचाच नसतो.
लांडग्यांचा असेल.

चौथ्या भादव्यात चौकट फेकली
आणि आवाज आला नाही.
वाटलं, हरवली.
शोधत गेलो तर पवन्यावर तरंगत होती,
जमिनीपासून हातभर वर,
वाऱ्याबरोबर जराशी हलत.
मी वही उघडली, गवत बाजूला सारलं :
बुडाशी चंडोलाचं घरटं.
तीन अंडी, मुरमाच्याच रंगाची.

ठकूबाई वाकली. बराच वेळ काही बोलली नाही.
मग हळूच :
‘उचल खिडकी. घर घावलं.’

पुण्यात सरांनी तक्ता वरखाली पाहिला.
एकतिसावा नमुना कोरा का?
म्हटलं, सर,
तो तुकडा यंदा बंद आहे.