ढास

नऊ शेळ्या, एक बोकड, दोन करडं.
रात्री मोजायला मी बॅटरी नेत नसे.
खोकल्यावरून कळायचं कोण कुठं बसलंय.
काबरीचा तुटक, कोरडा, जुनं लुगडं टरकवावं तसा.
चांदीचा ओला.
टिकली तर खोकायचीही नाही,
नुसती मान लांब करायची,
अंधारातून कुणी नाव घेतल्यासारखी.

लटारू भाऊजी म्हणाले, हवा बदलली, दुसरं काय.
गिरजाबाईनं अडुळसा कुटून गुळात दिला.
सगळ्यांनी खाल्ला, माझा हातही चाटला.
ढास बसली नाही.
टिकली बसली.
तान्ह्या पोळ्याच्या सकाळी पोरं लाकडी बैल पुसत होती
आणि ती कोठ्यात, उघड्या डोळ्यांनी,
तोंडाशी फेस.

आत्राम मॅडम स्कुटीवर आल्या.
मोहाखाली युरियाचं पोतं अंथरलं,
ओढणी कमरेला बांधली,
नळी कैचीनं उभी कापत गेल्या, जशी मी ब्लाउजची बाही कापते.
"या इकडं. बघा."
फेसात दोरा होता.
पांढरा, बोटभर, चाळीस नंबरच्या रिळाचा म्हणावा असा,
फक्त हलत होता.
एक नव्हता. गुंता होता.
एवढ्या गुंत्यातून ती पोळ्यापर्यंत श्वास ओढत आली होती
आणि मी म्हणत होते, आळशी झाली.

मॅडम सांगत होत्या, मी पोत्याकडं बघत होते.
खोकल्यानं वर येतं, शेळी गिळते,
लेंडीतून खाली पडतं,
ओल्या पात्यावर चढतं, तोंडाची वाट बघतं.
"पहाटे कुठं चारता?"
बोडीच्या काठाला.
"तिथंच का?"
तिथलं गवत सगळ्यात कोवळं म्हणून.
आषाढापासून, चहाही न घेता, मीच नेत होते.
कुणी सांगितलं नव्हतं. मीच शोधलं होतं ते गवत.

मग कापसाचा काटा आणला.
जुन्या साडीची झोळी, एकेकीला टांगलं.
काबरी बावीस किलो. चांदी साडेसतरा.
बोकडानं झोळी फाडली, भाऊजींच्या पायावर लेंड्या टाकल्या,
मॅडम हसल्या. मलाही हसू आलं, त्याच दिवशी.
वजनाप्रमाणं औषध, रेघेला डोळा लावून.
एकवीस दिवसांनी पुन्हा.

आता कळप दहाला सुटतो.
बोडी सोडून, टेकडीकडं.
आठापासून दावी ताणतात, ओरडतात,
गिरजाबाई म्हणते, कावून उपाशी मारतं वो मुक्या जनावराले?
मी धुऱ्यावर जाते,
हाताची मागची बाजू गवतावर ठेवते.
दहिवर असलं तर परत येते.
मशीनवर बसते.

रात्री कोठा गप्प असतो.
मोजायला बॅटरी न्यावी लागते.
आठ. परत मोजते. आठच.

चांदी कधीतरी एकदा खोकते.
मी सुई अर्ध्या टाक्यात थांबवते,
पायडलवरचा पाय तसाच,
दुसरा येतो का ऐकत.