क्वार्टर नंबर एकोणीस

ग्वाल्हेरचा मेळा उठला की प्लाय स्वस्तात मिळतं.
शाक्य हातगाडीभर आणतो.
तोंडात खिळे, म्हणून बोलणं नुसतं हुं, हुं.

गिरणीची चाळ. कागदावर 'धोकादायक, रिकामी'.
खिडक्या मोजायच्या मी, बुजवायच्या त्यानं.

"रंगाची बाजू बाहेर नको," मी म्हणालो,
"लोक दुकान समजून शिरतील."
त्यानं एकेक पाटी उलटी धरली.
बाहेर कोरं लाकूड,
आत गजक, चष्मे,
मौत का कुआँ, तिकीट तीस रुपये.

न्हाणीत साबणाची चिपटी होती,
भिंतीवर दुधाचा हिशेब,
अकरा तारखेला थांबलेला.
मी उगाचच बेरीज केली. चुकलेली होती.
दुधवाल्याचे चौदा रुपये बाकी.

शेवटी दार.
एक खिळा वाकला. शाक्यनं दगडावर ठेवून
सरळ केला, त्याच भोकात ठोकला.
मी रजिस्टरमध्ये लिहिलं: एकोणीस, बंद. सही.

लष्करला टेम्पोतून उतरलो
तेव्हा गळ्याला गार लागलं.
मफलर खुंटीला राहिला होता.

आत शिरताना अडकवला असणार,
चपला काढाव्यात तसा.