मुरड

विमानतळावर अंबुजानं मला ओळखलं नाही,
पिशवीला ओळखलं.
"सराफाच्या नावाची कापडी पिशवी घेऊन
पिट्सबर्गात दुसरं कोण उतरणार?"
आणि बत्तीस वर्षांनी, हॉस्टेलच्या जिन्यात मारायची तशीच
पाठीत थाप.

तिचा नवरा स्टॅन. सहा फूट दोन इंच, निवृत्त,
गाडी बैलगाडीसारखी हाकणारा.
प्रत्येक पुलावर पुलाचं नाव सांगतो.
पूल बहुतेक पिवळे, हळदीला बसल्यासारखे.
आठव्यानंतर मी मोजणं सोडलं,
तो सांगणं सोडेना.

पहिल्या दुपारी सँडविच.
तळलेले बटाटे पावाच्या आत,
कोबीची कोशिंबीरही आतच,
म्हणजे ताटाची डावी-उजवी बाजू
एकाच मुठीत.
नव्या दाढेला सांभाळत मी आ वासला.
"अगं, आधी दाबून धर!"
अंबुजा ओरडेपर्यंत
अर्धी कोशिंबीर मांडीवर.

मग लाल डब्यातून डोंगरावर.
एक डबा चढतो तेव्हा दुसरा उतरतो,
जणू एकाच दोराचे दोन पोहरे.
वरून दोन नद्या दिसल्या.
एकीचं नाव स्टॅननं माझ्याकडून पाच वेळा म्हणवून घेतलं,
मोनोंगाहेला,
पाचही वेळा मी वेगळ्याच नदीचं नाव घेतलं
आणि अंबुजा हसता हसता कठड्याला टेकली.

आमच्या कराडात कृष्णा आणि कोयना
अगदी समोरासमोर येतात, भांडायला आल्यासारख्या,
आणि मग हातात हात घालून
काटकोनात वळतात.
इथल्या दोघी तिरक्या येतात
आणि पुढे तिसरंच नाव लावतात.
"लग्नानंतर बदलल्यासारखं," मी म्हटलं.
"मी नाही बदललं," अंबुजा म्हणाली.
तेवढंच. मग बराच वेळ पाणी पाहत राहिली.

स्टॅननं खाली बोट दाखवलं.
जिथे आता काचेची दुकानं आहेत
तिथे त्याच्या वडिलांची भट्टी.
आई वाळत घातलेल्या चादरी
काजळी बसायच्या आत उचलायला धावायची.
हे त्यानं पुलांच्या नावांसारखं सांगितलं नाही.

शनिवारी बाजार. चवीला पुढे केलेला
चीजचा प्रत्येक तुकडा आम्ही घेतला,
विकत घेतले फक्त मुळे.
मग एका चर्चच्या तळघरात,
जिथे केसांना जाळ्या लावलेल्या म्हाताऱ्या
लांबलचक टेबलावर पाऱ्या लाटत होत्या.
"अगं, ही तर करंजी!"
"पियेरोगी," स्टॅन म्हणाला, जरा दुखावून.
आत बटाटा, वरून लोण्यात परतलेला कांदा,
आणि तळायची सोडून उकडलेली.
माझ्या सासूबाईंनी पाहिली असती तर
देवापुढचा दिवा विझवून बाहेर आल्या असत्या.
मी नऊ खाल्ल्या.
करंजी म्हणजे काय, त्यानं विचारलं.
"आमच्याकडची पियेरोगी. गोड," अंबुजानं सांगितलं,
आणि दोन्ही देश नाराज झाले.

निघायच्या सकाळी ओट्यावर पीठ सांडलेलं.
स्टॅन काट्यानं कडा दाबत होता,
त्याच्या आईची रीत.
अंबुजाचा काटा बाजूला, कोरडा.
ती अंगठ्यानं कड दुमडत होती,
दुमड, पीळ, दुमड, पीळ,
हॉस्टेलात जिला चहासुद्धा जमत नव्हता ती.
मुरडीचा कानवला आईनं एकदाच केला होता माझ्यासाठी,
मी सासरी निघाले तेव्हा.
गौरीसाठी मात्र दरवर्षी करायची, जाताना.
म्हणजे जाणारीनं मागे मुरडून यावं.

"नवीन डिझाइन?" स्टॅननं विचारलं.
"जुनं," ती म्हणाली. माझ्याकडे पाहिलं नाही.
मीही पिशवीचे बंद नसताना
बंद बांधत बसले.

विमानतळावर तपासणीवाल्या पोरीनं डबा उघडला.
एकेक कड निरखली, चांगली आठवडाभर वाटावं इतका वेळ.
हे काय आहे?
"पोटॅटो," मी म्हटलं.
बाकीचं मला इंग्रजीत येत नव्हतं.