गट क्रमांक चार

हिप्परग्याच्या अलीकडे शाळेची इमारत,
मे महिना, पारा चव्वेचाळीस,
गळ्यात शिट्टी.
कागदावर मी गट-मार्गदर्शक,
दहा दिवसांचे अडीच हजार, जेवण धरून.
वय बावीस. मुली अकरा.

बिराजदार मॅडम म्हणाल्या,
मुलींची मैत्रीण होऊ नका, ताई व्हा.
फरक विचारायचा राहूनच गेला,
कारण तेवढ्यात तबस्सुमच्या पिशवीचा बंद तुटला,
व्हरांडाभर शेंगाचटणी सांडली
आणि अकरा जणी बोटांनी टिपून खायला बसल्या.
ओळखीचा खेळ मी वहीत लिहून आणला होता.
तो वहीतच राहिला.

दिवस तसे जायचे.
लेझीम, कागदकाम, पंख्याखाली झोपल्याचं नाटक,
कुणाची चप्पल कुठे, कुणाचं डोकं दुखतंय,
आणि एकदा दाराशी कुजबुज :
ताई, शिवगंगाला कायतरी झालंय, या की जरा.
ती मोरीत बसून होती. नळाला पाणी नाही.
मी ऑफिसातल्या माठातून तांब्या भरून आणला,
कडीला कपडा अडकवला
आणि दाराबाहेर पाठ करून बसले.
माझ्या वेळी दाराबाहेर कुणी नव्हतं,
हे तिला सांगितलं नाही.

कागदाची फुलं करायच्या तासाला
नागमणी येमूल, इयत्ता सातवी,
पट्टी कापत होती, गुंडाळत होती,
टोक नखाने आत मुडपत होती.
पंचवीस झाल्या की दोरा.
हे काय गं?
तिनं हात पाठीमागे घेतले.
"सवय हाय ओ ताई. आई हजार वळते रोज,
त्यातल्या दोनशे माझ्या."

रात्र मात्र मला जमेना.
एक वाजता उठून पाहावं तर
सतरंजीवर बावीस डोळे उघडे.
घरची आठवण? नाही. भीती? नाही. डास?
"लई गप हाय इथं."
हे कळायला मला दोन रात्री लागल्या.
कुणी साखर पेठेची, कुणी भद्रावती पेठेची,
भिंतीपलीकडे माग चालू नसेल
तर झोपायचं कसं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

वहीत गोष्टी होत्या,
श्वास मोजायचा व्यायाम होता.
मी लाकडी डस्टर घेतला आणि
लोखंडी कपाटावर, अंधारात,
खटक् खट, खटक् खट.
आधी खिदळल्या.
"इतका हळू माग चालला तर मालक हाकलंल."
"धागा तुटला, ताई!"
मग नागमणी उठली,
माझं मनगट धरून वेग दाखवला,
तिच्या बोटांना तंबाखूचा वास,
पाच दिवस साबण लावूनही,
आणि दाखवता दाखवता
माझ्या मांडीला टेकून झोपली.
पाय मुंग्यांनी भरला तरी मी हलले नाही.
हात चालू ठेवला.
तेव्हापासून मी दिवसा ताई, रात्री अक्का.

शेवटच्या दिवशी प्रदर्शन.
मी फुलांच्या मध्ये तिचे सात कट्टे मांडले,
मांडावेत की नाही, हे पहाटेपर्यंत ठरत नव्हतं.
पाहुण्यांनी एक उचलला,
"वा, फटाके केलेत का?"
नागमणी म्हणाली, हो.
मीही मान हलवली.

तिची आई उशिरा आली, दुपारच्या रिक्षाने.
प्रमाणपत्र बघितलं नाही, कट्टा उचलला,
अंगठ्यानं दाबला, दोन पट्ट्या काढून बाजूला टाकल्या.
"ह्या छाट जातील," म्हणाली.
मग बाकीच्या तेवीस पुन्हा बांधल्या
आणि कट्टा ब्लाउजमध्ये खोचला.

ऑफिसात हिशेब झाला.
कपाटाला पोचे, रंग उडाला : तीनशे वजा.
मॅडमनी विचारलं, कशानं झालं?
मी म्हटलं, झोपवताना.
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.
मी सही केली.