जंगलजेटीचे पैसे वेगळे

मीटरवर एक लाख एकतीस हजार.
ओजसने परवा मागच्या सीटवरून विचारलं,
व्हॅनकाकू, पृथ्वी केवढी असते?
आणि स्वतःच सांगितलं,
गोल गोल चाळीस हजार किलोमीटर.
म्हणजे माझ्या तीन फेऱ्या पूर्ण, चौथी चालू,
आणि सगळ्याच्या सगळ्या
पवननगर ते गंगापूर रोड,
गंगापूर रोड ते पवननगर.

या महिन्यात भिशी लागली. नऊ हजार.
दिवाळीच्या सुट्टीत व्हॅन नुसती उभी असते,
तिच्यावर शेजारची मांजर झोपते.
नणंद विजू आणि पोळीभाजीवाली शैला गांगुर्डे
साडेनऊला येतात, भांडी आवरून.
वही फीच्या हिशेबाची,
मागून उलटी उघडलेली.

नागाव, मुरूड, दिवेआगर, हरिहरेश्वर.
चार रात्री.
विजू मोबाईलवर दोन बोटांनी
समुद्र मोठा करते, आणखी मोठा करते,
म्हणते, वहिनी, या निळ्यात काहीच लिहिलेलं नाही गं.

टोल घोटी, टोल पडघा, जाताना, येताना.
हे पैसे समुद्र दिसायच्या आधीच जाणार.
गॅस भिवंडीला भरायचा, पेणला भरायचा,
पुढे मिळेल का
यावर तिघींची चार मतं.
पेट्रोलला सहाशे बाजूला.
खोली अठराशे म्हणाला एक जण,
शैला म्हणाली, आम्ही राहायला येतोय, विकत घ्यायला नाही.
फोन ठेवला.

मग ठरलं, दोन रात्री व्हॅनमध्येच.
मधली सीट काढायची. चार बोल्ट.
अंबडचा निसारभाई काढून देईल फुकट,
परत बसवायचे दोनशे.
शैला उंच, तिचे पाय मागच्या दारातून बाहेर येणार,
समुद्राकडे.
पश्चिमेला पाय केलेले चालतात का,
विजूने तेवढ्या रात्री आईला फोन करून विचारलं.
आई म्हणाली, दक्षिणेला नको. आणि झोपा आता.

खाणं: भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी.
सुरमई एकदाच. तीन थाळ्या.
शैलाने तिथे पेन्सिल ठेवली आणि उचललीच नाही,
मग दोनदा केलं.
कांदे निफाडहून, अर्धं पोतं,
कुणी खोलीचे दोनशे कमी केले
तर त्याच्या बायकोला द्यायला.
शिंपले चौदा, प्रत्येक मुलाला एक.
किंमत: शून्य. पण लिहून ठेवलं,
नाहीतर राहून जातं.

आमचे हे टीव्हीचा आवाज न घटवता म्हणाले,
तिघी बायका, घाटात ब्रेक गेला तर?
मी म्हटलं, रोज चौदा लेकरं नेते
तेव्हा नाही विचारलंत ते.
आवाज थोडा कमी झाला टीव्हीचा.

उरले सहाशे ऐंशी.
शैला म्हणाली, आगरदांड्याची ती बोट काट,
रस्त्याने वळसा घालू.
विजू म्हणाली, वळशाचा गॅस कोण भरणार?
बेरीज दोघींची बरोबर होती
आणि उत्तरं वेगळी.

मी काही बोलले नाही.
त्या बोटीत गाडी चढवायची म्हणे,
हँडब्रेक ओढायचा, इंजिन बंद.
आणि गाडी निघते.
पाण्यावरून, आपोआप, पलीकडच्या दिघीला.
अकरा वर्षांत असं झालं नाही
की व्हॅन चालतेय आणि मी चालवत नाहीये.
मला तेवढा वेळ मागे बसायचंय,
ओजसच्या खिडकीशी,
जिथे त्याने नखाने खरवडून
स्टिकरमधल्या हत्तीची सोंड काढली आहे.
कुणी विचारलं नाही, किती वेळात पोचतो,
तर मी विचारीन.

हे वहीत लिहिलं नाही.
अकरा वाजून गेले होते,
सकाळी सव्वासहाला पहिलं पोरगं दारात उभं असतं.
वहीत लिहिलं:
जंगलजेटी. गाडी एक, माणसं तीन.
पैसे वेगळे. विचारून घेणे.