काचेचं माप

उथळसर नाक्यावर दुकान आहे माझं. माशांच्या टाक्या बनवतो.
काच कापायची, कडांना सिलिकॉन भरायचं,
चोवीस तास पाणी भरून ठेवायचं.
गळली तर पुन्हा.
म्हणून फोन आला तेव्हा सवयीने विचारलं, किती लिटरची?
पलीकडून बाई म्हणाली,
पानी नाय रे. हाड हाय.

येऊरच्या चौकीवर वनखात्याच्या माणसाने
डिकी उघडायला लावली.
चार मिलिमीटरची काच, हिऱ्याची कलम, रबरी मुठी.
बाटली नाही, याची नीट खात्री झाल्यावर
त्याने साखळी खाली सोडली.

चर्च म्हणावं एवढं ते मोठं नव्हतं.
कौलं, एक घंटा,
आंब्याला टेकवून विसरलेली शिडी.
रेजिनाबाईने चौकड्यांच्या लुगड्याला बांधलेली किल्ली
दातांनी सोडवली.
माकडानं पाडलान, म्हणाली.
पेटीला या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडा.
आत मखमल, मखमलीवर चांदीची डबी,
डबीत लाल दोऱ्याने शिवलेला
भाताच्या दाण्याएवढा एक पिवळट तुकडा.
कुणा संताच्या उजव्या हाताचं बोट. म्हणजे बोटातलं थोडंसं.
खाली मेणाचा शिक्का
आणि मुंग्या रांगेत मेल्यासारखी अक्षरं.

बाकीचा हात कुठे असतो?
सुटा भाग दिसला की मी मूळ मशीन विचारतो.

इटलीला, म्हणाली. डोंगरावरच.
माझा भाव बस्त्याव बोटीवर कुक होता.
एक दिवसाची रजा काढून गेला तो, दोन बशी बदलून.
गाव म्हनशील तर आपल्या पाटोणापाड्याएवढा.
गल्ली अशी, का या उंबऱ्यावरची बाई
त्या उंबऱ्यावरचीच्या टोपात कालवण बघंल.
आनि वर देवलात, काचेत, अख्खा हात.
लोक रडत होते.
बस्त्यावनं बोटं मोजली.

मग?

पाच भरली.

तिने पदराने चांदीची डबी पुसली,
पुसलेलीच पुन्हा पुसली.
घरी येऊन सांगला त्यानं,
तवा आई दोन वरीस त्याच्याशी बोलली नाय.
आनि तुम्ही?
मी कशाला मोजू, म्हणाली. तू माप घे.

माप घेतलं. अठरा बाय चोवीस, एक कोपरा किंचित बाहेर.
जुनी काच उचलली तेव्हा तिने पंखा बंद केला,
दार ओढून घेतलं.
आता त्या दाण्याच्या आणि माझ्या मधे काहीच नव्हतं.
शिंक आली असती तर
एवढ्या वर्षांचं सगळं बाकाखाली गेलं असतं.
मी नाकातून हळूच श्वास घेतला,
दुकानात नवे मासे सोडताना घेतो तसा.
त्यातच अंगठा कापला.
नेहमीचंच. चोखला, फडक्याने दाबला,
नवी काच बसवली, कडा भरल्या.
पैसे विचारले तर मी दोनशे कमी सांगितले. का, माहीत नाही.

रात्री जेवताना आठवलं,
आतली बाजू पुसायची राहिली.
आणि आता ती बाजू कुणाच्याच हाताला लागणार नाही.
टाकीत पाणी तरी भरून बघता येतं.
इथे काय भरून बघणार?
फोन दोनदा हातात घेतला.

सणाच्या दिवशी वर गेलो, रांगेत उभा राहिलो.
कुणी कपाळ टेकत होतं, कुणी ओठ,
एका पोराला बापाने उचलून धरलं होतं.
चारच्या उन्हात काच तिरकी उजळली
आणि दाण्याच्या बरोबर वर मला दिसला
अंगठा. वेढ्यावर वेढे, मधून आडवी चीर.
त्यावरच लोक ओठ टेकत होते,
बाहेरून.

मी हात खिशात घातला.
आतल्या आत बोटं मोजली.
पाच भरली.
मागच्या बाईने कोपर लावलं,
सरकलो.