हालवार्दचं विरजण

नळाचं पाणी त्याला सोसत नाही, एवढंच पथ्य.
म्हणून गॅलरीच्या कठड्यावरचा बर्फ
मी पातेल्यात भरून आणते, रेडिएटरजवळ ठेवते.
तासाभरात पातेलंभर बर्फाचं
वाटीभर पाणी होतं, तळाशी चिमूटभर काजळी.
गाळते, आणि कुंडीखालच्या बशीत
बोटभर नाही, नखभर ओतते.

ट्रॉम्सोत नोव्हेंबर सरताना सूर्य जातो
तो जानेवारीच्या मध्यापर्यंत तोंड दाखवत नाही.
तोवर खिडकीत एक जांभळा दिवा,
पहाटे पाचला आपोआप लागणारा.
दिवा लागायच्या आधीच हालवार्द उठलेला असतो.
त्याच्या अंगात गोठ्याचं घड्याळ अजून चालू आहे,
गोठा नाही.

शेवटची गाय, फागेर्लिन, सप्टेंबरात विकली.
दोन आठवड्यांनी तो माझ्याकडे आला,
एक सुटकेस, एक दुधाची किटली.
त्याच्या मुलाचा आणि माझा संसार मोडून सहा वर्षं झाली,
कागदावर आम्ही एकमेकांचे कुणी नाही.
पण मुलाच्या घराला जिने फार, असं तो सांगतो,
आणि मी लिफ्टचं बटण दाबते.

पहिल्याच दिवशी तो खिडकीपाशी थबकला.
बशीएवढा पानांचा घेर, फिकट हिरवा,
लोणी चोपडल्यासारखा तुकतुकीत,
वर तिळासारखी चिकटलेली चिलटं.
"तेट्टेग्रास," तो म्हणाला.
ते आपल्या डोंगरातलं, मी म्हटलं, हे मेक्सिकोचं,
चुनखडीच्या कड्यांवर वाढणारं.
बाकीच्या कुंड्यांत चिलटं झाली म्हणून आणलं.
तो म्हणाला, "मेक्सिकोत गायी नाहीत का?"

त्याची आई ही पानं भांड्याला आतून चोळायची,
वर कोमट दूध.
सकाळी इतकं घट्ट, की चमचा उचलला
तर भांड्यापर्यंत तार.
हे सांगताना त्याचा हात
माझ्या टेबलाच्या खूप वर गेला.

डिसेंबरात एका रात्री स्वयंपाकघरात गेले
तर हालवार्द अंधारात, चाचपडत,
चार पानं खुडून किटलीवर वाकलेला.
मी रागावले. हिवाळ्यात याला हात लावायचा नसतो!
पानं बारकी, जाड होतात, चिकटपणा जातो,
ते खाणंच सोडतं. मेलेलं नसतं.
पाणी कमी करायचं, खत नाही,
भूक नाही त्याला आग्रह नाही…
मी बोलत होते,
आणि टेबलावर त्याच्या ताटातला मासा
संध्याकाळपासून तसाच होता.

सकाळी किटलीचं झाकण काढलं. दूध दूधच.
त्याने बोट बुडवलं, चाखलं.
"हिला आपली भाषा येत नाही."
मग आम्ही ते कॉफीत घातलं.

मार्चमध्ये कुंड्या पुसताना
शेजारच्या कुंडीतल्या ओल्या वाळूवर एक पान सापडलं,
त्या रात्री त्याच्या हातून निसटलेलं.
बाकीचं पान सुकून कागद झालेलं,
पण देठाच्या पांढऱ्या टोकाशी
हिरवे दोन ठिपके, मोहरीहून लहान.
हालवार्द सकाळभर भिंग घेऊन बसला.
हात थरथरतो त्याचा, त्यामुळे रोप
मोठं व्हायचं, नाहीसं व्हायचं, पुन्हा मोठं.
दुपारी विचारलं, "चिलट कधीपासून द्यायचं?"
एवढ्यात नाही, मी म्हटलं, अजून दात आले नाहीत.
तो हसला नाही. गंभीरपणे मान हलवली,
जशी वासराबद्दल कुणी काही सांगितल्यावर हलवावी.

मी बटाटे सोलत होते.
गॅलरीत पातेलं वाजलं.
बर्फ आणायला या वेळी
तो गेला होता, नुसत्या मोज्यांवर.